बाहीवरचं सोनेरी वेटोळं

गेले काही महिने मला एक वेड लागलंय आणि कुणी भेटलं की पाच मिनिटांच्या आत मी त्याला ते सांगायला लागते. मी ब्रिटिश नौदलातल्या जुन्या अधिकाऱ्यांच्या खुणा जमवते. त्यांचे फोटो, त्यांची पत्रं, जमलंच तर कधीतरी एखादं पदक. नेल्सनसारख्या नावाजलेल्यांच्या नव्हेत. ज्यांची नावं आज त्यांच्या पणतवंडांनाही धड आठवत नसतील, अशा लेफ्टनंट, सर्जन आणि पेमास्टर मंडळींच्या! हे असं काही जग आहे, इतकं जवळ आहे आणि इतक्या थोड्या पैशांत उघडतं, हे मला आधी कुणी सांगितलं कसं नाही?

मी पोर्ट्समथला राहते. या गावात वळाल तिकडे नौदल आहे. गोदीत नेल्सनचं व्हिक्टरी उभं आहे, त्याच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर १८६० साली पाण्यात उतरलेलं वॉरियर आहे. ती जहाजं मी पाहुण्यांना दाखवायची म्हणून पुष्कळदा पाहिली होती, आणि तेवढंच. मग एका रविवारी साउथसीच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात एका टेबलावर बुटांचं रिकामं खोकं दिसलं. आत पत्त्यांसारखे उभे लावलेले छोटे फोटो. एक उचलला. खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभा असलेला गणवेशातला तरुण, मागे रंगवलेला पडदा. किंमत पाच पौंड.

टेबलामागचे आजोबा म्हणाले, "चेहरा नंतर बघ. आधी बाही बघ."

त्यांनी भिंग पुढे केलं. मनगटाजवळ सोनेरी फितीचे वेढे होते, आणि सगळ्यात वरच्या फितीला मधोमध एक गोल वेटोळं. खोक्यातला दुसरा फोटो त्यांनी शेजारी ठेवला. फिती तशाच, पण सरळ, वेटोळं नाही. "हा लढणारा, आणि हा डॉक्टर, हिशेबनीस किंवा इंजिनियर," ते म्हणाले. मी तिथेच उभी राहिले. पाठीमागे लोक खोळंबले तरी हलले नाही.

हे फोटो म्हणजे 'कार्त द व्हिझित'. पॅरिसच्या दिस्देरी नावाच्या फोटोग्राफरने १८५४ साली त्याचं पेटंट घेतलं. एकाच काचेवर अनेक छोटी चित्रं घ्यायची, अंड्याच्या पांढऱ्या भागाचा लेप दिलेल्या पातळ कागदावर ती छापायची, कापायची आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटवायची. साधारण दहा सेंटिमीटर उंच, साडेसहा रुंद. त्यामुळे फोटो स्वस्त झाला. १८६० नंतर तर इंग्लंडमध्ये त्याची लाटच आली. मित्राला द्यायला, आईला पाठवायला, अल्बममध्ये लावायला प्रत्येकाला डझनभर प्रती हव्या असायच्या. आणि दोन-तीन वर्षांसाठी समुद्रावर निघालेल्या माणसाला तर हव्याच! पोर्ट्समथ, साउथसी, डेव्हनपोर्ट, माल्टा, जिथे जिथे आरमार नांगर टाकायचं तिथे स्टुडिओवाल्यांची चलती होती. म्हणूनच आज हे फोटो इतक्या संख्येने सापडतात.

आता बाहीचं व्याकरण सांगते, कारण माझा सगळा आनंद त्यात आहे. फितींची पद्धत १८५६ ची. आधी लेफ्टनंटला एक, कमांडरला दोन, कॅप्टनला तीन. १८६१ मध्ये सब-लेफ्टनंट हा हुद्दा आला आणि सगळे एक पायरी वर सरकले. सब-लेफ्टनंटला एक, लेफ्टनंटला दोन, कमांडरला तीन, कॅप्टनला चार. १८७७ मध्ये आठ वर्षं जुन्या लेफ्टनंटला दोन फितींच्या मधे एक बारीक अर्धी फीत मिळाली. म्हणजे अडीच फिती दिसल्या की फोटो १८७७ च्या आधीचा असूच शकत नाही. पुठ्ठ्यावर एक अक्षरही लिहिलेलं नसताना माणूस मला त्याचा हुद्दा सांगतो आणि फोटोची तारीखही जवळजवळ सांगून टाकतो!

दाढीचंही तसंच. १८६९ मध्ये नौदलाने दाढी-मिशी ठेवायची परवानगी दिली, पण अट घातली की ठेवायची तर दोन्ही ठेवायची, नुसती मिशी चालणार नाही. त्याआधीही लांबच्या सफरींवर लोक दाढ्या वाढवत, त्यामुळे हा पुरावा फितीइतका पक्का नाही. पुठ्ठ्याचे कोपरेही बोलतात. सुरुवातीचे काटकोनी आणि पातळ, पुढचे गोलसर आणि जाड. मागची बाजू आधी साधी, फोटोग्राफरचं नाव-पत्ता एवढंच, आणि दशक उलटेल तसतशी तिथे वेलबुट्टी, मुकुट, पदकं यांची गर्दी.

पण ज्या गोष्टीने मी खऱ्या अर्थाने हादरले ती रंगांची. १८६३ मध्ये न लढणाऱ्या शाखांना फितींच्या मधे रंगीत कापड लावायला सांगितलं. सर्जनला लाल, पेमास्टरला पांढरं, इंजिनियरला जांभळं. फोटो तर सगळे तपकिरी, मग रंग कळणार कसा? त्या काळच्या काचेवरच्या रसायनाला निळा प्रकाश भरपूर दिसायचा आणि लाल जवळपास दिसायचाच नाही. त्यामुळे सर्जनचं लाल कापड गडद कोटात विरघळून जातं, पेमास्टरचं पांढरं मात्र लख्ख उठून दिसतं. क्रिमियाच्या युद्धातलं पदक छातीवर असेल तर गंमत आणखी वाढते. त्याची फीत फिकट निळी आणि तिचे काठ पिवळे. फोटोत निळं पांढरंफटक पडतं आणि पिवळे काठ काळपट होतात. ज्याला हे माहीत नाही तो 'पांढरी फीत, काळे काठ' असं पदक पुस्तकभर शोधत बसेल. मला हे कळलं त्या रात्री मी झोपले नाही. माझ्याकडच्या सगळ्या फोटोंवर दिवा धरून एकेक फीत पुन्हा वाचली.

त्या दिवशी मी घेतला तो खोक्यातला दुसरा, बिनवेटोळ्याचा फोटो. त्यातला तरुण पेमास्टर शाखेतला निघाला. वेटोळं नाही आणि मनगटाशी फिकट पट्टी. नौकानयनाच्या शाखेचा फिकट निळाही असाच पांढरा उमटतो, म्हणून नुसत्या फोटोवर विसंबून भागत नाही. फोटो उलटा केला तर पेन्सिलीने एक आडनाव, आणि खाली लिहिलेलं: एच.एम.एस. एशिया.

नाव देत नाही, त्याचे वंशज असतील. पण एशिया! हे नाव मी ऐकलं होतं. मी लगेच गिरगावात मामाला फोन लावला. मामाची सगळी नोकरी मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डमध्ये फिटर म्हणून झाली.

"मामा, एशिया नावाचं जहाज माहितेय का रे तुला?"

"माहितेय का काय विचारतेस? अगं, आपल्याच गोदीतलं ते. वाडियांनी बांधलेलं. सागवानी."

खरंच होतं. नवरोजी जमशेटजी वाडियांच्या हाताखाली मुंबईच्या गोदीत बांधलेलं, ८४ तोफांचं, १८२४ साली पाण्यात उतरलेलं एशिया. वाडियांच्या कित्येक पिढ्यांनी तिथे सागाची जहाजं बांधली. मलबारी साग ओकपेक्षा जास्त टिकतो हे ब्रिटिश नौदलाला पटलं होतं म्हणून कामं मुंबईकडे येत राहिली. त्याच गोदीतलं १८१७ चं ट्रिंकोमाली आज इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूलला तरंगतंय, ते तर मी स्वतःच्या हातांनी चाचपून आले. मामाने सांगितलं, "डंकन डॉक अजून चालू आहे बघ. १८१० चा. मी त्याच्यात उतरून काम केलंय." मग फोनवर बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही.

एशियाची गोष्ट इथेच संपत नाही. ग्रीसच्या स्वातंत्र्ययुद्धात २० ऑक्टोबर १८२७ ला नवारिनोच्या उपसागरात ब्रिटिश, फ्रेंच आणि रशियन आरमाराने तुर्की-इजिप्शियन ताफा बुडवला. शिडाच्या जहाजांनी लढलेली ती शेवटची मोठी लढाई. त्यात ब्रिटिश सेनापती कॉड्रिंग्टनचं निशाण ज्या जहाजावर फडकत होतं ते एशिया, मुंबईचं! पुढे १८५८ पासून ते पोर्ट्समथ बंदरात पहाऱ्याचं जहाज म्हणून उभं राहिलं. माझा पेमास्टर त्याच्यावर होता. आणि त्याचा फोटो मी त्याच बंदराच्या गावात, मुंबईची मुलगी, पाच पौंडांना विकत घेतला. असा योग कुणी कथेत लिहिला असता तर मी विश्वास ठेवला नसता.

फोटोवरून माणसापर्यंत पोहोचायची वाट 'नेव्ही लिस्ट'मधून जाते. नौदल आपल्या सगळ्या अधिकाऱ्यांची यादी १८१४ पासून नियमित छापत आलं आहे. अनेक जुन्या याद्या आता स्कॅन होऊन फुकट वाचायला मिळतात. पान दिसायला टेलिफोन डिरेक्टरीइतकं रुक्ष असतं. आडनाव, हुद्दा मिळाल्याची तारीख आणि बाजूला एक आकडा. तो आकडा घेऊन जहाजांच्या यादीत जायचं, तिथे त्या क्रमांकाचं जहाज सापडतं, कॅप्टन कोण, ते कुठे आहे, सोबत आणखी कोण आहेत, सगळं. मग पुढच्या तिमाहीची यादी. मग त्याच्या पुढची. माणूस पानापानांतून चालत राहतो. एका यादीत तो भूमध्य समुद्रात असतो, दुसरीत चीनच्या किनाऱ्यावर, तिसरीत अर्ध्या पगारावर घरी बसलेला. बढती अडकलेल्या लेफ्टनंटांचे रकाने वाचताना तर मला त्यांच्या वतीने राग येतो. पंधरा पंधरा वर्षं तीच तारीख!

लढाऊ शाखेतला आणि १८४९ च्या आधीचा अधिकारी असेल तर ओ'बर्नचा जाडजूड चरित्रकोश आहे. त्या सुमारास हयात असलेल्या अधिकाऱ्यांची चरित्रं त्याने एका ग्रंथात गोळा केली. लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात अधिकाऱ्यांच्या सेवानोंदी आहेत. त्यांत वरिष्ठांचे शेरेही सापडतात. कुणाबद्दल 'उत्साही', तर कुणाबद्दल पिण्याच्या सवयीचा उल्लेख. खरं सांगायचं तर मला हिशेबनीस आणि डॉक्टर लढवय्यांपेक्षा जास्त आवडायला लागलेत. बाजारात त्यांना भाव कमी असतो, त्यांच्यावर कुणी पुस्तक लिहीत नाही, पण जहाजावर शेकडो माणसांचा पगार, कपडे आणि जेवण यांचा हिशेब त्या पांढऱ्या पट्टीवाल्याच्याच डोक्यावर असायचा. आणि तरी बाहीवरचं वेटोळं त्यांना मिळालं ते थेट १९१८ मध्ये. इंजिनियरांना तीन वर्षं आधी, १९१५ मध्ये. इतकी वर्षं एका छोट्याशा गोल फितीसाठी! ही भेदरेषा मला पुस्तकात वाचून कधी कळली नसती. शंभर फोटो शेजारी शेजारी मांडले की ती डोळ्यांत खुपते.

पदकांच्या बाजूला मी अजून भीत भीतच जाते, कारण तिथे पैसा मोठा आहे. पण एका प्रदर्शनात एका व्यापाऱ्याने माझी हकीकत ऐकून काचेखालून एक पदक काढून माझ्या तळहातावर ठेवलं. नेव्हल जनरल सर्व्हिस मेडल. चांदीचं, छत्तीस मिलिमीटरचं. एका बाजूला तरुण व्हिक्टोरिया राणी, दुसऱ्या बाजूला त्रिशूळ घेऊन समुद्रघोड्यावर बसलेली ब्रिटानिया. वर पांढऱ्या फितीला निळे काठ. आणि फितीवर चांदीची एक आडवी पट्टी, तिच्यावर अक्षरं: नवारिनो.

"कडा बघ," तो म्हणाला. मी पदक फिरवलं. कडेवर ठसठशीत अक्षरात नाव होतं.

ब्रिटिश पदकांची सगळ्यात मोठी श्रीमंती हीच. ज्याला दिलं त्याचं नाव पुष्कळदा कडेवर असतं. हे पदक १८४७ मध्ये मंजूर झालं, पण १७९३ ते १८४० मधल्या लढायांसाठी. म्हणजे ज्याने तरुणपणी ट्रफाल्गारची लढाई पाहिली त्याला ते म्हातारपणी मिळालं, आणि तेही तो हयात असेल आणि त्याने स्वतः अर्ज केला असेल तरच. ट्रफाल्गारला ब्रिटिश बाजूने सतरा-अठरा हजार माणसं होती. त्या लढाईची पट्टी मिळालेले दोन हजारांच्याही आत. दोनशेहून जास्त वेगवेगळ्या पट्ट्या मंजूर झाल्या होत्या, त्यातल्या काहींना तर मागणारा एकही उरला नव्हता. १७९४ च्या एका लढाईत ट्रेमेंडस नावाच्या जहाजावर जन्मलेल्या बाळालाही हे पदक मिळालं आणि नोंदीत त्याच्या हुद्द्याच्या जागी 'बाळ' असं लिहिलंय! आणि ट्रफाल्गारला जहाजावर असलेल्या जेन टाउन्सेंड या बाईचा अर्ज मात्र शेवटी नाकारला गेला. जखमींची शुश्रूषा करणाऱ्या, तोफांना दारू पोचवणाऱ्या बायका जहाजांवर होत्या हे सगळ्यांना ठाऊक असूनही. हे वाचून मला जो संताप आला तो अजून गेलेला नाही.

लबाडीही कडेवरच चालते. साध्या खलाशाचं नाव घासून काढून तिथे नावाजलेल्या जहाजावरच्या माणसाचं नाव कोरायचं, की किंमत कितीतरी पटींनी वाढते. पण घासलं की चांदी कमी होते. जाणकार आधी मोजपट्टी लावतात. व्यास कमी भरला, कडा एका बाजूने बसलेली वाटली, अक्षरांचं वळण त्या काळाचं नसलं, की पदक परत काचेखाली. त्यानंतर मूळ यादीत नाव ताडून पाहायचं. याद्या छापलेल्या आहेत. नवशिक्यांना सगळे एकच गोष्ट बजावतात, आणि मीही बजावते: पदक घासूनपुसून चकचकीत करू नका. प्रत्येक वेळी कडेवरचं नाव थोडं थोडं पुसलं जातं. फोटोंना लॅमिनेशन नको, मागे बॉलपेनने लिहायचं नाही, आम्ल नसलेल्या कागदाच्या पाकिटात ठेवायचे, उन्हापासून लांब.

नेल्सनच्या वस्तू मी पाहिल्या, अर्थात पाहिल्या. ट्रफाल्गारच्या दिवशी त्याच्या अंगात असलेला कोट ग्रीनिचच्या संग्रहालयात आहे, डाव्या खांद्यावर गोळीचं भोक अजून तसंच. ती गोळी विंडसरला आहे, सर्जन बीटीने जपून ठेवलेली. कोटापुढे मी खूप वेळ उभी होते. पण तो कोट लाखो लोकांचा आहे. माझा पेमास्टर जगात बहुधा फक्त मला ठाऊक आहे, आणि त्याची जबाबदारी माझ्यावर आहे, असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. ही माणसं साम्राज्याची होती. बाहीवर वेटोळं असलेला, छातीवर दोन लाल पट्ट्यांच्या पांढऱ्या फितीचं पदक मिरवणारा अधिकारी समोर आला की तो १८५७ चा, हे मला कळतं. शॅनन जहाजाच्या खलाशांनी कॅप्टन विल्यम पीलच्या हाताखाली जहाजावरच्या अवजड तोफा लखनौपर्यंत नेल्या. पील पुढे कानपूरला देवीने वारला. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये ॲडमिरल वॉटसनचं भव्य स्मारक आहे आणि त्यावर त्याच्या विजयांत घेरियाचं नाव आहे. घेरिया म्हणजे आपला विजयदुर्ग, जिथे फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. त्या दगडापुढे मी उभी राहिले तेव्हा माझ्या पोटात कालवलं. तरीही, किंबहुना म्हणूनच, मला वाटतं की हे जमवणाऱ्यांत आपली माणसं हवीत. फोटोमागे 'एशिया' लिहिलेलं पाहून इतर संग्राहकांना नवारिनो आठवतं. मला नवरोजी वाडिया, मलबारचा साग आणि डंकन डॉकमध्ये उतरलेला मामा आठवतो. ही नोंद माझ्याशिवाय कुणी केली नसती.

भारतात राहून हे करायचं तर चोरबाजारात मटन स्ट्रीटवर जुने अल्बम अजून निघतात, आणि मुंबईच्या जुन्या स्टुडिओंचे छाप असलेले गणवेशातले फोटो त्यांत असू शकतात. एवढं लक्षात ठेवायचं की १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. घ्या, पण घरीच ठेवा. आणि आधी बाही बघा!

माझी सध्याची धावपळ वेगळीच आहे. पुढच्या वर्षांच्या याद्या उलटत होते, आणि १८७० च्या दशकातल्या एका यादीत माझ्या पेमास्टरच्या नावासमोरचा आकडा बदललेला दिसला. जहाजांच्या पानावर गेले. मलबार! हिंदुस्थानात पलटणी नेण्या-आणण्यासाठी १८६६-६७ मध्ये बांधलेल्या पाच मोठ्या जहाजांपैकी एक. सुएझचा कालवा होण्याआधी त्यातली दोन पोर्ट्समथ ते अलेक्झांड्रिया चालायची आणि मलबारसकट तीन सुएझ ते मुंबई. कालवा झाल्यावर सरळ पोर्ट्समथहून मुंबईला. म्हणजे तो मुंबईत उतरला असणार, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा! क्यूला त्याची सेवानोंद मागवली आहे. आणि मामाला कामाला लावलंय. दर शुक्रवारी तो मटन स्ट्रीटवर जातो, आणि त्याच्या खिशात पेमास्टरच्या चेहऱ्याची मी पाठवलेली प्रत असते.